सोयाबीनचा कोरियन रस्सा

आपल्या भागात सोयाबीन पिकते, पण शिजत नाही. मृगाचा पाऊस झाला की सुलतानपूरच्या शिवारात, आणि पुढे मेहकर, लोणार, सिंदखेडराजापर्यंत, नजर जाईल तिकडे सोयाबीनचाच पेरा दिसतो. शंभर-सव्वाशे दिवसांत, दसऱ्याच्या आगेमागे, सोंगणी होते, सुड्या लागतात, हडंबा फिरतो, कुटार एका बाजूला पडते आणि पोत्यांची थप्पी ओसरीत उभी राहते. त्या थप्पीतले चार मुठी दाणे काढून कोणी चुलीवर ठेवले, असे मात्र सहसा घडत नाही. तूर घरात राहते, हरभरा राहतो, ज्वारीची कणगी भरते. सोयाबीन पाहुण्यासारखे येते आणि बाजार समितीच्या वाटेने निघून जाते. तेथून ते तेलगिरणीत जाते. त्याचे तेल निघते आणि उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या पोटात जाते.

याच दाण्यावर पूर्व आशियातील काही देश शेकडो वर्षे जेवत आले आहेत. त्यांपैकी कोरिया हा देश आज आपल्या कॉलेजातील मुलामुलींना अगदी शेजारचा वाटतो. वसतिगृहात कोरियन मालिका पाहणाऱ्या मैत्रिणींना तेथील नटांची नावे आपल्या आमदारांच्या नावांपेक्षा लवकर आठवतात! त्या मालिकांत एक दृश्य वारंवार येते. बाहेर थंडी किंवा पाऊस आहे, आत काळ्या मडक्यात लालभडक रस्सा रटरट उकळतो आहे आणि त्यात पांढरे, लोण्यासारखे गोळे हलत आहेत. तो रस्सा म्हणजे ‘सुंदुबु जिगे’. ‘दुबु’ म्हणजे टोफू, आपल्याकडे ज्याला सोयापनीर म्हणतात तो. ‘सुंदुबु’ हा त्याचाच अगदी मऊ, न दाबलेला प्रकार, आणि ‘जिगे’ म्हणजे घट्टसर रस्सा. म्हणजे आपल्याच सोयाबीनचा तो तिखट रस्सा झाला.

गेल्या वर्षी आमच्या विभागाची सहल दिल्लीला गेली होती, तेव्हा हा पदार्थ मला प्रत्यक्ष खायला मिळाला. माझा मोठा आतेभाऊ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुखर्जीनगरात राहतो. महाराष्ट्रातील, त्यातही वऱ्हाड-मराठवाड्यातील कितीतरी मुले तेथे एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. तेथून जवळच यमुनेच्या काठी ‘मजनू का टीला’ नावाची वस्ती आहे. १९६० नंतरच्या वर्षांत तिबेटमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. त्या बोळांत तिबेटी खाणावळींच्या जोडीने आता कोरियन खाणावळीही निघाल्या आहेत, आणि पंचतारांकित हॉटेलातील कोरियन जेवणाच्या मानाने त्या पुष्कळच स्वस्त आहेत. विद्यार्थ्याच्या खिशाला रोज परवडतील अशा नव्हेत. पण महिन्यातून एकदा, दोघांत एक मडके घेतले तर चालून जाते.

कोरियन अन्न तिबेटी वस्तीत कसे पोहोचले, याचा विचार करताना ईशान्य भारताकडे पाहावे लागते. मणिपूरमध्ये सन २००० मध्ये एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन दूरचित्रवाणीने भरून काढली. तेथील एक पिढी या मालिकांवर वाढली. शिकण्यासाठी दिल्लीला आलेल्या या मुलांना भात, आंबवलेली भाजी आणि सोयाबीन हे खाणे मुळीच परके नव्हते. मणिपूरचे ‘हवाइजार’, नागालँडचे ‘अखुनी’ आणि मेघालयाचे ‘तुंगरिम्बाई’ हे सारे आंबवलेल्या सोयाबीनचेच प्रकार आहेत. कुमाऊँच्या डोंगरात काळ्या सोयाबीनला ‘भट’ म्हणतात आणि त्याची आमटी घरोघरी होते. तेव्हा ‘सोयाबीन हे माणसाचे खाणे नव्हे’ ही समजूत आपल्यापुरतीच आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला ती कोणी मानत नाही.

आमच्यापुढे ते मडके आले तेव्हा त्यातील रस्सा ताटात येऊनही उकळत होता. या जाड मडक्याला ‘तुकबेगी’ म्हणतात. ते थेट आचेवर ठेवतात आणि ते उष्णता बराच वेळ धरून ठेवते. उकळत्या रश्श्यात एक कच्चे अंडे फोडून टाकायचे. ते मडक्याच्या उष्णतेनेच शिजते. बाजूला भाताची वाटी आणि चार-पाच लहान बशा होत्या: किमची, मोड आलेली कडधान्ये, काकडी आणि एक कसलीशी पालेभाजी. या बशांना ‘बांचान’ म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि संपल्या तर पुन्हा मिळतात. आपल्या खाणावळीत कांदा-लिंबू-लोणचे मागावे तसेच हे. कोरियन माणूस भात आणि रस्सा चमच्याने खातो, वाटी उचलून तोंडाला लावणे तेथे शिष्टाचारात बसत नाही. आम्ही सुरुवातीला काड्यांशी झटापट केली. शेवटी दादा म्हणाला, ‘‘अरे, चमचा घे. घरचंच सोयाबीन हाय अन् घरचंच तिखट.’’

चवीबद्दल सांगायचे तर तिखट दिसते त्या मानाने बरेच सौम्य असते. टोफूला स्वतःची चव जवळजवळ नाही; तो जिभेवर विरघळतो आणि रश्श्याचा जाळ शांत करतो. सगळी मजा या जोडीत आहे. मला त्या वेळी आठवली ती आपली पातोडीची भाजी. बेसनाची मऊ पातोडी जशी झणझणीत रश्श्यात सोडतात आणि ती तिखट पिऊन घेते, तशीच ही तऱ्हा. इतकेच नव्हे, तर कृतीही तीच आहे. कोरियन स्वयंपाकीण आधी मंद आचेवर तेलात भरड मिरची सोडते, तेलाला लाल रंग आला की मग पाणी घालते. आपण त्याला तर्री म्हणतो.

येथे माळकरी वाचकांसाठी एक सूचना करणे भाग आहे. नुसते टोफू पाहून हा पदार्थ शाकाहारी समजू नये. मूळ रश्श्याचे पाणी बहुधा सुकवलेली बारीक मासळी आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेले असते; शिवाय त्यात शिंपल्या किंवा मांसाचे तुकडे घालतात. ‘मासळीचे पाणी नको, अंडे नको’ असे आधीच स्पष्ट सांगावे लागते. किमचीतही बहुधा खारवलेल्या मासळीचा अंश असतो.

आता मिरचीविषयी. कोरियन जेवण म्हटले की लाल रंग डोळ्यांपुढे येतो, पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कोरियात मिरची नव्हती, जशी ती आपल्याकडेही नव्हती. मिरची मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याला आणली आणि तेथून ती देशभर गेली. पूर्वेकडेही पोर्तुगीजांच्या व्यापारातूनच ती पसरली आणि जपानमार्गे कोरियात पोहोचली असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६१४ मधील ‘जिबोंग युसोल’ या कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख ‘जपानी मोहरी’ अशा अर्थाच्या नावाने येतो. त्यापूर्वीची किमची बिनमिरचीची, खारवलेली असे. म्हणजे वऱ्हाडचा ठेचा आणि कोरियाचा लाल रस्सा ही एकाच गलबतावरून उतरलेली दोन भावंडे म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की त्यांची ‘गोचुगारू’ नावाची मिरची बिया काढून, उन्हात वाळवून भरड केलेली असते; तिला रंग फार आणि जाळ कमी. आपल्याकडे बेडगी मिरची भरड कुटली तर ती तिच्या बरीच जवळ जाते.

टोफू मात्र मिरचीपेक्षा पुष्कळ जुना. त्याचा शोध चीनमध्ये लागला. एका राजपुत्राने तो लावला अशी दंतकथा आहे, तिच्यात शिरायचे कारण नाही. कोरियात चौदाव्या शतकातील यी सेक या विद्वानाने टोफूवर कविता केली आहे. पंधराव्या शतकात सेजोंग राजाच्या कारकीर्दीत चीनच्या सम्राटाने कोरियाहून आलेल्या स्वयंपाकिणींच्या टोफूची वाखाणणी केल्याची नोंद त्यांच्या दरबारी इतिहासात सापडते. बौद्ध मठांत मांस वर्ज्य. तेव्हा टोफू करण्याचे कसब तेथे जोपासले गेले.

दूध नासवून पनीर करतात, तसेच सोयाबीनचे दूध नासवून टोफू करतात. पण हे वाक्य जितके सोपे, तितके काम सोपे नाही, आणि आपल्या घरांतून सोयाबीन का हद्दपार झाले याचे उत्तरही या कामातच दडलेले आहे. आमच्या आजीने फार वर्षांपूर्वी सोयाबीनची डाळ करून पाहिली होती. ती शिजता शिजेना, वास कच्च्या शेंगेसारखा उग्र येई आणि खाल्ल्यावर सगळ्यांची पोटे फुगली. त्यानंतर आमच्या घरात सोयाबीनला चूल पारखी झाली. अनेक घरांची हीच कथा असेल.

या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींना कारणे आहेत. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातील एक एन्झाइम दाण्यातल्या तेलावर काम करू लागते आणि तो उग्र वास निर्माण होतो. उकळत्या पाण्यात वाटले तर ते एन्झाइम तत्काळ मरते आणि वास बराच कमी होतो. दुसरे, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे एक द्रव्य असते. ते नीट उकळल्यानेच निकामी होते, म्हणून सोयाबीन कधीही कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊ नये. तिसरे, पोट फुगवणाऱ्या काही शर्करा त्यात असतात. भिजवलेले पाणी फेकून दिल्याने आणि टोफू करताना निवळी निघून गेल्याने त्यांतील बराच भाग जातो. म्हणजे टोफूच्या कृतीत या तिन्ही दोषांवर उतारा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना एन्झाइम ठाऊक नव्हते. पण त्यांना उत्तर सापडले होते.

दूध नासते कसे, तेही पाहू. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिने साधारण २२ टक्के असतात, यावरून तुलना करावी. दूध उकळले की प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात. मग त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचा क्षार, नाहीतर एखादे आम्ल घातले की उलगडलेली प्रथिने एकमेकांना धरून जाळे विणतात आणि त्या जाळ्यात पाणी व तेल अडकून राहते. हेच दही फडक्यात बांधून वजनाखाली दाबले की घट्ट टोफू. न दाबता तसेच उचलले की सुंदुबु. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर गांगनंग शहराजवळ चोदांग नावाचे गाव आहे. तेथे समुद्राचे पाणी घालूनच दूध नासवतात. सोळाव्या शतकातील होयप नावाच्या अधिकाऱ्याने ही रीत काढली असे तेथील लोक सांगतात; गावाचे नाव त्याच्याच टोपणनावावरून पडले.

हे वाचल्यावर कोणाच्याही मनात येईल की, आपल्या शेजारी लोणारचे खारे सरोवर असताना समुद्र कशाला हवा? मलाही तसे वाटले होते. पण लोणारच्या खाऱ्या पाण्याचा स्वभाव उलट आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, तर लोणारच्या पाण्यात सोड्याचा अंश फार. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही साबण आणि काच यांसाठी लागणारे द्रव्य लोणारहून मिळते असे लिहिले आहे. असे अल्कधर्मी पाणी प्रथिनांना एकत्र आणीत नाही, उलट विरघळवून ठेवते. तेव्हा लोणारच्या पाण्याने टोफू होणार नाही. आपल्याला लिंबूच बरे.

कोरियात हा रस्सा स्वस्त खाणे म्हणून रुजला याला तेथील इतिहास कारण आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धाने तो देश उद्ध्वस्त झाला. त्या वेळी दक्षिण कोरियाची गणना जगातील अत्यंत गरीब देशांत होत असे. युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळण्याची जबाबदारी भारतीय सैन्याकडे आली. त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. त्या काळात सामान्य कोरियन माणसाला मांस परवडणारे नव्हते. त्याचे मांस म्हणजे टोफू. पुढे लोक अमेरिकेला गेले आणि हा रस्सा त्यांच्याबरोबर गेला. लॉस एंजेलिसच्या कोरियन वस्तीत ली ही-सूक नावाच्या बाईंनी १९९६ मध्ये फक्त सुंदुबुची खाणावळ काढली. रात्रपाळीच्या कामगारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे तेथे जेवू लागले आणि पुढे तिच्या अनेक शाखा निघाल्या. गरिबाच्या घरचा पदार्थ असा जगभर गेला.

आपल्याकडे काय झाले? सोयाबीन आपल्याला कोणी सांगितलेच नाही असे नाही. १९३५ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत होते. तेथे त्यांनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. वर्धा येथून काही फार लांब नाही. बडोदे संस्थानात एफ. एस. काळे यांनी तर १९३६ मध्ये सोयाबीनची लागवड आणि आहार यांवर अख्खे पुस्तकच प्रसिद्ध केले. पण त्या वेळी आपल्या शेतात सोयाबीन नव्हते. पुढे १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांत अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने पिवळ्या सोयाबीनचे संशोधन सुरू झाले. मध्यप्रदेशातून ते पीक विदर्भ-मराठवाड्यात उतरले. १९९४ मध्ये आलेल्या ‘जे. एस. ३३५’ या वाणाने तर शिवारे व्यापून टाकली. ज्वारी, मूग, उडीद मागे सरले. गंमत अशी की, सांगणारे होते तेव्हा पीक नव्हते आणि पीक आले तेव्हा सांगणारे नव्हते. सोयाबीन आले ते तेलबी म्हणून, अन्न म्हणून नव्हे. आणि ज्या रूपाने वस्तू प्रथम घरात येते त्याच रूपाने ती राहते.

त्यामुळे सोयाबीनचा भाव हा आपल्यासाठी केवळ गिरणीचा आणि जागतिक बाजाराचा भाव झाला. परदेशातून तेल किती आले, पेंडीला मागणी किती, यावर सुलतानपूरच्या शेतकऱ्याची दिवाळी ठरते. २०२२ च्या नोव्हेंबरात सोयाबीन-कापसाच्या दरासाठी रविकांत तुपकर यांच्या पुढाकाराने बुलढाण्यात एल्गार मोर्चा निघाला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात पुष्कळ दिवस त्याच्या खालीच बोली लागत होती. २०२५-२६ साठी तो ५३२८ रुपये ठरला, म्हणजे किलोला सुमारे त्रेपन्न रुपये. एक किलो सोयाबीनपासून घरगुती रीतीने साधारण दीड किलोच्या आसपास टोफू निघतो. शहरातील दुकानात पाव किलोहून कमी वजनाचा त्याचा पुडा बहुधा शेतकऱ्याच्या किलोभर दाण्यांपेक्षा महाग असतो. टोफू केल्याने भावाचा प्रश्न सुटेल असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. शेकडो क्विंटल माल चुलीवर संपत नसतो. पण ज्या घरात पोरांच्या ताटात डाळ पातळ होत चालली आहे, त्या घराच्या ओसरीत चाळीस टक्के प्रथिनांची थप्पी उभी असावी, ही गोष्ट मला तरी खटकते. बचत गटांना यात हात घालता येईल. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सोयादूध आणि सोयापनीर यांसाठी लहान यंत्रे तयार केली असून तेथे प्रशिक्षणही मिळते.

घरी करून पाहायचे असेल तर पाव किलो सोयाबीन घ्यावे. ते खाण्यासाठी ठेवलेल्या मालातलेच असावे. पेरणीसाठी औषध चोळलेले रंगीत बियाणे चुकूनही घेऊ नये, ते विष आहे. रात्रभर भिजवून सकाळी पाणी फेकावे, चोळून साले काढावीत आणि उकळते पाणी घालत बारीक वाटावे. एकूण दोन लिटर पाणी पुरते. फडक्यातून पिळून दूध काढावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत पंधरा मिनिटे उकळावे. हे दूध गाईच्या दुधापेक्षाही अवखळ असते. पाठ फिरवली की उतू गेलेच समजा. उतरवून पाच-सात मिनिटे थांबावे, दोन-तीन लिंबांचा रस कपभर कोमट पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा आणि एकदाच हलक्या हाताने फिरवून झाकण ठेवावे. दहा मिनिटांत खाली पांढरे दही आणि वर पिवळसर निवळी दिसते. रश्श्यासाठी हे दही न दाबता झाऱ्याने अलगद उचलावे. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण, कांदा आणि भरड मिरची मंद आचेवर परतून पाणी घालावे, उकळी आली की दह्याचे गोळे सोडावेत, मीठ घालावे आणि पुन्हा ढवळू नये. भातापेक्षा ज्वारीच्या भाकरीशी हा रस्सा अधिक जमतो, असे आमच्या घरातील मत पडले.

फडक्यात उरलेला चोथा फेकू नये. तो पूर्ण शिजलेला नसतो, म्हणून आधी चांगला परतून घ्यावा आणि मग ज्वारीच्या पिठात, कांदा-कोथिंबीर घालून, त्याची थालीपिठे लावावीत. चोथा लवकर आंबतो. त्याच दिवशी संपवावा.